नाशिकच्या पावसाळी नद्यांवर कयाक : पाण्यात उतरायचं कुठून, बाहेर पडायचं कुठे?

पॅडलवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकचे काहीजण खळाळत्या पाण्यातलं कयाकिंग करतो. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर संथ पाण्यात फिरतात ते नव्हे. आखूड, जाड प्लास्टिकची कयाक घेऊन खडकांमधून, उतारावरून खाली यायचं. शिकलो ऋषिकेशला. नंतर आमच्यातले दोघं पावसाळ्यात केरळला, कोझिकोडजवळच्या कोडंचेरीला जाऊन आले. तिथे चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या डोंगरी नद्यांवर मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, देशोदेशीचे कयाकर येतात. ते बघितल्यापासून सारखं डोक्यात आहे की सह्याद्री आपल्याही दारात आहे. पाऊस आहे, उतार आहे, कातळ तर हवा तेवढा.

पाण्याची अडचण नाहीच. अडचण आहे ती पाण्यापर्यंत पोचायची. उपग्रहाच्या नकाशावर रस्ता नदीला खेटून जाताना दिसतो. तिथे जावं तर मध्ये कुणाच्या फार्महाउसची भिंत, द्राक्षबागेचं तारेचं कुंपण, नाहीतर दोन पुरुष उंचीचा सरळ काठ. कयाक वीसेक किलोची. ती खांद्यावर घेऊन चिखलातून चालायची तयारी आहे, पण भिंतीवरून उड्या मारायच्या नाहीत.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. त्र्यंबककडून चाकोरे-बेझेच्या बाजूला येणारी गोदावरी, धरणाखालची दारणा, इगतपुरी-घोटी पट्ट्यातले ओढे, यांवर गाडी काठापर्यंत नेता येईल, कुणाला त्रास होणार नाही आणि बाहेर पडता येईल अशा जागा कुठल्या? यादी झाली तर सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

कृपया कुणी 'कोलाडला जा' म्हणू नका. तिथे आम्ही जातोच.

कोलाड_रिटर्न

कोलाडला जा. :)

गंमत सोडा, पण कोलाडचं का जमतं ते बघण्यासारखं आहे. तिथल्या कुंडलिका नदीला मिळणारं पाणी म्हणजे टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून वीज करून बाहेर पडलेलं पाणी. ते सकाळी सुटतं, कधी येणार ते आधी कळतं आणि पावसाळा संपल्यावरही मिळतं. साजे गावापाशी राफ्ट पाण्यात टाकायच्या, कामत गावापाशी काढायच्या. दोन्ही टोकांना गाडी जाते आणि रस्ता नदीच्या सोबतीनं धावतो. मधेच कुणी दमलं, कुणाला लागलं, तर काठावर येऊन रस्ता गाठता येतो. गावातल्या लोकांना राफ्टवाल्यांमुळे रोजगार आहे, म्हणून काठावर कुणी हटकत नाही.

नाशिकला यातलं एकही जुळून आलेलं नाही. पाणी अचानक येतं, रस्ता नदीपासून लांब आणि गावाला तुमचा उपयोग शून्य. त्यामुळे नुसत्या जागांच्या यादीनं भागेल असं वाटत नाही.

निवृत्त_क्युसेक

जलसंपदा खात्यात उमेदीची वर्षं घालवली आहेत, म्हणून थोडं बोलतो. आयडीवरून ओळखलंच असेल.

पॅडलवालीताई, तुमच्या यादीत दोन वेगळ्या जातीच्या नद्या एकत्र आल्या आहेत. धरणाच्या वरची नदी आणि धरणाच्या खालची नदी. वरच्या नदीला पाऊस पडला की पाणी. त्र्यंबक-इगतपुरीकडचा कातळ उघडा, माती पातळ, उतार तीव्र. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास. म्हणजे शहरात ऊन असताना वर ओढा फुटलेला असू शकतो. आणि पाऊस थांबला की तितक्याच झपाट्यानं पाणी उतरतं. सकाळी कयाकला पुरेसं, दुपारी नुसते दगड.

खालच्या नदीचं उलटं. जुलैत वर धो धो पाऊस आणि धरणाखाली नदी जेमतेम ओली, हे चित्र नेहमीचं. धरण आधी स्वतःचं पोट भरतं. कोणत्या महिन्यात ते किती भरू द्यायचं हे ठरलेलं असतं, त्याच्या वर पाणी गेलं की दरवाजे उघडतात. गंगापूर १९६५चं, मातीचं धरण. दारणा त्याहून जुनं, १९१६चं, इंग्रजांच्या काळातलं. दोन्हीकडे 'टप्प्याटप्प्याने विसर्ग वाढवणार' अशी बातमी येते. तिच्यातला 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द तुमच्यासाठी महत्त्वाचा. तुम्ही पाण्यात असताना पुढचा टप्पा सुटू शकतो.

आकड्यांबद्दल. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. बाहेरची पुस्तकं क्युमेकमध्ये बोलतात. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. हजार क्युसेक ऐकून छाती दडपते, पण ते अठ्ठावीस क्युमेकच. मात्र अठ्ठावीस क्युमेक पसरट पात्रात गुडघाभर असतील आणि कातळाच्या अरुंद घळीत गेले तर माणूस उभा राहणार नाही. त्यामुळे आकडा एकटा काही सांगत नाही. ज्या जागी उतरणार तिथला एखादा दगड किंवा पुलाचा खांब ठरवून ठेवा आणि बातमीतल्या आकड्याला तिथे पाणी कुठवर येतं ते काठावरूनच, न उतरता, टिपत राहा. आमच्या गोदाकाठची माणसं दुतोंड्या मारुतीकडे बघून पूर ओळखतात, तेच तंत्र.

आणखी एक. नाशिक शहरातल्या होळकर पुलाखालचा विसर्ग आणि गंगापूर धरणाचा विसर्ग हे वेगळे आकडे असतात. धरणाखालच्या नाल्यांचं पाणी पुलाच्या आकड्यात मिळालेलं असतं. बातमी वाचताना गल्लत करू नका.

शंकाखोर

पूर आलेल्या नदीत मुद्दाम उतरायचं आणि मग आपत्ती व्यवस्थापनवाल्यांनी दोर घेऊन धावायचं, असा हा छंद दिसतोय. शहरानं १९६९, २०१६, २०१९ बघितलंय. आवरा.

पॅडलवाली

@शंकाखोर, पुरात कुणीच उतरत नाही. गढूळ, चढत्या पाण्यात झाडं वाहत असतील तर आम्ही गाडीतून कयाक खालीसुद्धा काढत नाही, वडापाव खाऊन परत येतो. उतरतं पाणी, तेही आधी काठाने चालत जाऊन पूर्ण बघितलेलं, एवढंच आमचं खातं. प्रत्येकाकडे हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि थ्रो बॅग (बुडणाऱ्याकडे फेकायची दोराची पिशवी) असते. आणि थ्रो बॅग फेकता येणारा माणूस काठावर असतो, हे जास्त महत्त्वाचं.

@निवृत्त_क्युसेक काका, खूप खूप धन्यवाद. वर-खाली हा फरक इतका स्वच्छ कुणी सांगितला नव्हता.

भातखाचर

राम राम मंडळी. मी त्र्यंबक तालुक्यातला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल. आमचं खाचर ओढ्याला लागून आहे.

ताई, तुम्ही ज्या दिवसांत येणार त्याच दिवसांत आमच्याकडं आवणी, म्हणजे भाताची लावणी असते. जूनच्या शेवटापासून जुलैभर, पाऊस लांबला तर ऑगस्टपर्यंत. त्या वेळी बांध म्हणजे रस्ता नसतो. बांध असतो वीतभर रुंदीचा, ओला, आतनं भिजून मऊ झालेला. आम्हीसुद्धा त्यावरनं अनवाणी, अंगठा रोवून चालतो. चार जण बूट घालून, खांद्यावर बोट घेऊन गेले की बांध फुटतो. फुटला की वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात उतरतं आणि कालच लावलेली रोपं आडवी होतात. बांध परत लिंपायला अर्धा दिवस जातो आणि त्या दिवसांत मजूर मिळत नाही. शहरातल्या माणसाला वाटतं, नुसतं तर चालत गेलो!

दुसरी गोष्ट. नदीकाठी आमच्या मोटारी असतात. केबल चोरणाऱ्यांनी सगळीकडं उच्छाद मांडलाय. तांबं काढून विकतात. संध्याकाळच्या अंधारात हेल्मेट घातलेली, पाठीवर सामान घेतलेली, न ओळखीची माणसं मोटारीजवळनं पाण्यातनं बाहेर येताना दिसली तर गाव काय समजणार? दोन वर्षांखाली आमच्या शेजारच्या वस्तीवर असाच एक ट्रेकवाला ग्रूप रात्री अडवून ठेवला होता. पोलीसपाटलांनी येऊन सोडवलं. बिचारी पोरं वाट चुकलेली होती.

मी विरोधात नाही. आमच्या पोरांनाही हे बघायला आवडंल. पण येण्याआधी एक फोन, सरपंचाला नाहीतर ज्याचं शेत आहे त्याला. आणि उजेडात बाहेर पडा.

सह्यभटका

वरचा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीला चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती.

मी किल्ल्यांवर भटकणारा, बोटीतलं काही कळत नाही, पण वाटा शोधायचं वेड आहे. कायद्याचं थोडं सांगतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या-नाल्यांचं पात्र आणि वाहतं पाणी सरकारच्या मालकीचं. म्हणून पात्रातून जाणाऱ्याला 'ही आमची नदी' असं शेजारचा फार्महाउसवाला म्हणू शकत नाही. पण पात्रापर्यंत पोचायची जमीन त्याची असू शकते आणि तिथून जायचा हक्क तुम्हाला आपोआप मिळत नाही. त्याच संहितेतलं बांधावरून रस्ता मागायचं कलम, १४३, शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी आहे. कयाकवाल्यांना त्याचा उपयोग नाही.

मग सार्वजनिक वाट कशी ओळखायची? गाव नकाशा काढा. उपग्रहाचा नव्हे, भूमी अभिलेखचा. त्यात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. यातली एखादी रेषा नदीला जाऊन भिडत असेल तर ती बहुधा जुना उतार असतो, पूल होण्याआधी बैलगाड्या जिथून नदी ओलांडायच्या ती जागा. काठ तिथे मुळातच सपाट असतो, पात्र रुंद आणि उथळ. कयाक काढायला याहून चांगली जागा नाही. आज वर नवा पूल असतो आणि जुना रस्ता त्याच्या बगलेतून झाडीत उतरलेला असतो.

याशिवाय बहुतेक गावांना नदीकाठी जाणारे सरकारी रस्ते असतात, फक्त आपण त्यांना त्या नजरेनं बघत नाही. पाणीपुरवठ्याच्या विहिरीचा रस्ता. बंधाऱ्याचा रस्ता. महादेवाच्या देवळाचा रस्ता. आणि स्मशानभूमीचा रस्ता. शेवटचा सगळ्यात उत्तम, कारण जिथे तो आहे तिथे बहुधा पावसातही गाडी जाईल असा ठेवलेला असतो.

फक्त एक पथ्य. तिथे अंत्यविधी चालू असेल किंवा सकाळी दहाव्याला लोक बसले असतील, तर गाडी वळवायची आणि निमूट परत. रंगीत हेल्मेट घालून तिथे घुटमळायचं सुद्धा नाही.

आणखी, पेठ-सुरगाण्याकडे गेलात तर तो सगळा अनुसूचित क्षेत्राचा भाग, ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू. त्र्यंबक, इगतपुरी, दिंडोरी, कळवणचीही बरीच गावं त्यात येतात. ग्रामसभेचा शब्द तिथे मोठा. आणि डोंगरउताराची बरीचशी जमीन वनखात्याची. वनरक्षकाला आधी सांगितलेलं बरं.

निवृत्त_क्युसेक

सह्यभटकांनी बंधाऱ्याच्या रस्त्याचं सुचवलं ते बरोबर, पण त्याला लगेच पुरवणी जोडतो, नाहीतर कुणीतरी बंधाऱ्याच्या अगदी डोक्यावर जाऊन पाण्याबाहेर पडायचा प्रयत्न करेल.

आपल्याकडे जे दिसतात ते बहुतेक कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. खांब, खांबांमध्ये गाळे, गाळ्यांत फळ्या. पावसाळा ओसरला की साधारण ऑक्टोबरात फळ्या घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. म्हणजे पावसाळ्यात गाळे मोकळे. लांबून वाटतं, पाणी आरपार जातंय, आपणही जाऊ. पण त्याच गाळ्यांत फांद्या, केळीचे खुंट, उसाचं पाचट, फाटकी जाळी अडकलेली असतात. पाणी त्यातून गाळून जातं, माणूस जात नाही. मागून सगळ्या नदीचा दाब आणि पुढे काटक्यांची भिंत.

फळ्या घातलेल्या असतील किंवा पूर बंधाऱ्यावरून जात असेल तेव्हा धोका दुसऱ्या बाजूला. पाणी भिंतीवरून सरळ खाली बुडी मारतं, पायथ्याशी उसळून वर येतं आणि वरचं पाणी परत भिंतीकडे ओढलं जातं. एखादा ओंडका तिथे तासन् तास गिरक्या घेताना दिसेल, पुढे सरकतच नाही. नैसर्गिक धबधब्यात या भोवऱ्याला बाजूनं कुठेतरी फट असते. बंधाऱ्याची भिंत या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखी, त्यामुळे फट नाही. बोट चालवण्यात कोण किती पट्टीचा आहे याला तिथे काही किंमत नाही. वरून बघितलं तर फार फार तर कमरेइतकी उडी दिसते, म्हणून लोक फसतात.

तेव्हा बाहेर पडायची जागा बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी ठेवा. बंधाऱ्यामागे पाणी तुंबून संथ होतं, तो संथपणा सुरू झाला की काठ धरा.

पॅडलवाली

काका, हे फारच मोलाचं. आमच्या नकाशावर आता सगळे बंधारे लाल करतेय.

इथे खडकाबद्दल एक भर. हिमालयात गोल गोटे असतात, पाणी त्यांच्या भोवतीनं जातं. आपला बेसाल्ट पायऱ्या-पायऱ्यांचा. सपाट कातळ, मग अचानक उडी, खाली डोह, पुन्हा कातळ. कातळात रांजणखळगे, म्हणजे पाण्यानं कोरलेले रांजणासारखे खड्डे. कुकडीवर निघोजला बघितले असतील तसेच, आकाराने लहान. पाण्याखाली असले की दिसत नाहीत आणि पाय अडकला तर प्रवाह माणसाला पुढे पालथा पाडतो. म्हणून कयाकमधून पडल्यावर वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, पाय वर आणि पुढे ठेवून पाठीवर वाहायचं, हा पहिला धडा असतो. डोहाच्या काठाखाली कातळ आतून पोखरलेला असतो तेही बघावं लागतं. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, कोरड्या पात्रातून चालत जाणं हा त्यावरचा उपाय. पावसाळ्यात जे दिसणार नाही ते सगळं तेव्हा उघडं असतं.

दारणाकाठ

उशिरा धागा बघितला. दारणेबद्दल मी लिहितो, काठावर जन्म गेला.

दारणा धरणाखाली नदीला तुम्हाला हवा तसा तीव्र उतार फारसा नाही. शिकाऊ लोकांना वाहत्या पाण्याची सवय करायला मात्र बरी. आणि एक गोष्ट इथल्या कुणी सांगितली नाही. पावसाळ्याबाहेरही दारणेला पाणी येतं. खालच्या कालव्यांचं आवर्तन (शेतीसाठी पाळीनं सोडायचं पाणी) सुटलं की ते पाणी नदीतूनच नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याकडे जातं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत. त्या दिवसांत नदी एकसारखी, गढूळपणा कमी, ऊनही असतं. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडतात तेव्हाही तसंच, २०२३च्या नोव्हेंबरात सोडलं होतं. पण त्या वेळी नदीकाठची वीज बंद, बंधाऱ्यांच्या फळ्या काढलेल्या, बंदोबस्त लावलेला, पाणी हा विषय तापलेला. कुणी पाण्यात दिसलं तर उगाच चौकशी. ते दिवस टाळा, साध्या आवर्तनाला या.

आता जागा. देवळाली-भगूरच्या बाजूला लष्कराची हद्द आहे, पाट्या वाचा आणि तिकडच्या काठाला पाय लावू नका. चेहेडीचा बंधारा लक्षात ठेवा, नाशिकरोडचं पिण्याचं पाणी तिथून उचलतात. त्याच्या बरंच अलीकडे बाहेर निघा. वालदेवी नदी मिळाल्यानंतर पाण्याला वासही असतो. पुढे सामनगाव-पळसे पट्ट्यात दोन्ही काठांना ऊस आणि उसात बिबट्या. हे गमतीनं लिहीत नाही. २०२० मध्ये याच भागात माणसांवर हल्ले झालेत. पहाटे आणि दिवस मावळताना उसाच्या कडेनं खाली वाकून बोट ओढत बसू नका. दुपारी या, बोलत या, एकट्यानं कुणी गाडीकडे जाऊ नका.

नांदूर मधमेश्वरला अजिबात जाऊ नका. पक्षी अभयारण्य आहे, शिवाय रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात, तिथे बोट नेणं म्हणजे वनखात्याची कारवाई ओढवून घेणं. आणि ती झाली तर मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही.

कोलाड_रिटर्न

+१ दारणाकाठ. आवर्तनाची कल्पना भारी आहे. म्हणजे आपलं गरिबांचं कोलाड.

अवांतर : चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळनं २०१६ला रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंग केलं. दुष्काळी तालुक्यातला माणूस वल्ही मारत तिथवर पोचला आणि आपण इथे पाण्याच्या काठावर भिंती मोजत बसलोय.

शंकाखोर

विषय निघालाच आहे तर मूळ मुद्दा बोलतो. असल्या जागांची यादी जाहीर करू नये. आज तुम्ही शहाणे चार जण जाल. उद्या त्याच जागेवर रील बनवणारे चाळीस जण येतील, त्यांना ना पोहता येतं ना बंधारा कळतो. २०२२च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडी धबधब्याला पाणी अचानक वाढून पर्यटक अडकले, त्यात जीव गेला. मग काय होतं? प्रशासन बंदीचा आदेश काढतं, आणि तो सगळ्यांनाच लागू होतो, तुम्हालाही. पहिने-भावलीकडे शनिवार-रविवारी पावसाळ्यात काय अवस्था असते ती बघा.

भातखाचर

शंकाखोर भाऊंचं पटतंय. म्हणूनच गावाचं नाव लिहिलं नाही. पिन टाकली की आमच्या खाचराचं पार्किंग होतं.

पॅडलवाली

मी यावर दोन दिवस विचार केला. अर्धं पटतं, अर्धं नाही.

उतरायच्या जागा गुप्त ठेवायला माझी हरकत नाही. ज्याला खरंच जायचंय तो आम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेल, आम्ही त्याला एकदा सोबत नेऊ, शेतमालकाची ओळख करून देऊ. पण बाहेर पडायच्या जागा आणि धोके लपवणं मला पटत नाही. माणूस पाण्यात उतरतो तो हौसेनं, त्याला जागा सापडतेच. बाहेर काढते ती माहिती. पुढे बंधारा आहे, पुढे ओढा घाटाच्या कड्यावरून कोसळतो, या वळणानंतर काठावर चढता येणार नाही, हे कुणाला माहीत नसेल तर गुप्ततेचा काय फायदा? कड्याकडे जाणाऱ्या पश्चिमेच्या ओढ्यांवर तर उतरायचंच नाही, असं माझं मत. पूर्वेकडे वाहणारे निदान पुढे एखाद्या धरणाच्या फुगवट्यात (धरणामागे साठलेल्या पाण्यात) तरी जाऊन थांबतात.

त्यामुळे प्रस्ताव असा. यादीत फक्त बाहेर पडायच्या जागा, बंधारे, तारा आणि कडे. उतरायच्या जागा नाहीत. धबधब्यांची नावं नाहीत. फोटो नाहीत. आणि ज्या जागेला खाजगी जमीन लागते ती, मालकानं स्वतः हो म्हटल्याशिवाय, नाही.

पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्यांसाठी राज्याचं २०२१चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यात नोंदणी लागते. इथे तसा कुणी असेल तर त्यानं त्या वाटेनं जावं, या यादीवर धंदा करू नये.

निवृत्त_क्युसेक

प्रस्ताव रास्त आहे. एक सूचना. धरणाच्या फुगवट्यात बाहेर पडायची जागा पावसाळाभर एकच राहत नाही. जुलैच्या सुरुवातीला पाणी खाली असतं, काठाला गाळपेऱ्याची, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरतात ती गाळाची जमीन उघडी असते. वरून कोरडी दिसते, पाऊल टाकलं की गुडघ्यापर्यंत आत. ऑगस्टअखेरीस तीच जागा पाण्याखाली आणि पाणी थेट वरच्या रस्त्यापर्यंत. म्हणून यादीत प्रत्येक फुगवट्यासाठी धरण किती टक्के भरलेलं असताना ही जागा चालते, ते लिहा. टक्केवारी रोज छापून येते. कश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही गंगापूरच्या वरची धरणं, तिथला काठ आणि गंगापूरचा काठ वेगवेगळे भरतात, एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज करू नका.

मच्छीमारांची जाळीही याच संथ पाण्यात असतात. संस्थांनी मासेमारीचे ठेके घेतलेले असतात. जाळ्यात पॅडल अडकलं तर सुरी काढण्याआधी हाक मारा, जाळं फाटलं तर भरपाई द्या.

सह्यभटका

बाहेर पडायच्या जागा कुंभाच्या कामांवरही अवलंबून. २०२७च्या सिंहस्थासाठी गोदाकाठी घाटांची कामं चालू राहणार. शहरातल्या आणि दसक-पंचककडच्या घाटांच्या पायऱ्या बाहेर पडायला सोयीच्या, पण काम चालू असताना सळया आणि दगड पाण्यात असतात. शहराखालचं पाणी आणि पाणवेली बघता तिकडे हौसेनं कुणी जाईल असं वाटत नाही म्हणा.

गाव नकाशांवरून जुन्या उतारांच्या जागा काढायचं काम मी घेतो. प्रत्यक्ष जाऊन बघितल्याशिवाय लिहिणार नाही.

भातखाचर

ताई, आमच्याकडची आवणी नागपंचमीपर्यंत उरकते. त्याच्यापुढच्या रविवारी या. बोटी आणू नका, नुसतं चालायला या. ओढ्याच्या कडेनं दोन ठिकाणी आडव्या तारा आहेत, जनावरं येऊ नयेत म्हणून मीच बांधल्यात. पाणी वाढलं की त्या पाण्याच्या अंगाला येतात, माणसाच्या गळ्याच्या उंचीला. तुम्ही दाखवाल त्या जागी वर उचलून बांधतो नाहीतर त्यावर लाल फडकी लावतो. गाडी शाळेच्या मैदानात लावा, आतल्या रस्त्यानं आणू नका, रुतेल. माझा नंबर व्यनि करतो.

पॅडलवाली

दादा, नक्की येतो. तारांचं तुम्ही आपणहून सांगितलंत, फार मोठं काम झालं. लाल फडकी आम्ही घेऊन येऊ. उंची कुठवर हवी ते ऑगस्टच्या पाण्यात दगडांवर जी पुराची रेघ दिसेल त्यावरून ठरवू.

ट्यूबवाला_सिडको

मस्त धागा, वाचनखूण साठवली. मी पण येऊ का त्या रविवारी? कयाक नाहीये, पण ट्रकची मोठी ट्यूब आहे, गोदावरीत लहानपणी खूप पोहलोय.

पॅडलवाली

चालायला या, जरूर या. ट्यूब घरी ठेवा. ट्यूबला दिशा देता येत नाही आणि ती बंधाऱ्याच्या गाळ्यात माणसाआधी अडकते. पायात नाडीचे, घट्ट बसणारे बूट घाला, चपला नकोत. आणि बांधावरून चालायचं नाही, दादा नेतील त्याच वाटेनं.